ततपप करणारा खोटारडा नसतो

आमच्या तालुक्यात चार दिवसांपासून 19 सेकंदांची एक क्लिप फिरतेय. आमसभेत एक तरुण शेतकरी उभा राहतो, पाण्याच्या टँकरबद्दल विचारायला लागतो आणि 'ट'वर अडकतो. मागे सुरू न होणाऱ्या गाडीच्या स्टार्टरचा आवाज जोडलाय, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. हे टाकलंय कुणी टवाळ पोरांनी नाही. स्वतःला न्यूज चॅनेल म्हणवणाऱ्या, बूम घेऊन फिरणाऱ्या लोकांनी टाकलंय.

त्या सभेला मी होतो. तो पोरगा तीनेक मिनिटं बोलला. कागदावर टँकरच्या खेपा किती, गावात प्रत्यक्ष आल्या किती, हे त्याने तारखांसकट विचारलं आणि लॉगबुक मागितलं. "माहिती घेऊन सांगतो" एवढंच उत्तर मिळालं. बातमी ती होती. आज तालुक्यात कुणालाही विचारा, पोरगा कसा अडकला ते करून दाखवतील. त्याने काय विचारलं, ते कुणाला ठाऊक नाही. टँकरवाल्यांना याहून स्वस्तातला बचाव मिळाला नसता.

मी स्वतः लहानपणापासून अडखळतो. 'म्हणून तुला झोंबलं' असं कुणी म्हणेल. हो, झोंबलं. शिवाय माझ्याच धंद्यातल्या लोकांनी केलं म्हणून जास्त झोंबलं.

आपल्या मराठी बातम्यांची भाषा बघा. घोटाळेबाज पकडला की त्याची 'ततपप' होते. नेत्याला अवघड प्रश्न विचारला की त्याची 'बोबडी वळते'. म्हणजे अडखळला तो घाबरला, घाबरला तो खोटं बोलतोय, असा सरळ हिशेब. बोबडं आणि तोतरं यातला फरकही आम्हाला माहीत नसतो. उच्चार चुकणं वेगळं आणि शब्द पक्का माहीत असून तोंडातून न निघणं वेगळं. तोतरेपणाचं मूळ मेंदूतल्या बोलण्याच्या यंत्रणेत असतं आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. भीतीने तो वाढतो, भीतीने जन्मत नाही. लहान मुलांपैकी पाचेक टक्के काही काळ अडखळतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं, मोठेपणी साधारण एक टक्का उरतो. दोन लाखांच्या तालुक्यात हजार-दीड हजार माणसं धरा. एवढी माणसं तुम्हाला कुठल्या बाईटमध्ये दिसतात? दिसत नाहीत, कारण घेतलेला बाईट आम्ही कापतो आणि शेजारच्या चुरूचुरू बोलणाऱ्याचा लावतो.

अडखळणाऱ्याचं डोकं कसं चालतं तेही सांगतो. पुढे अवघड शब्द येतोय हे आधीच कळतं, मग वाट बदलायची. 'पोलीस' निघणार नाही असं वाटलं की 'खाकीवाले'. 'बुधवार' अडला की 'मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी'. (लिखाणाला याचा फायदा झाला, एकेका शब्दाला तीन-तीन पर्याय तयार असतात.) पण काही शब्दांना पर्याय नसतो. टँकरला नाही. स्वतःच्या नावाला तर नाहीच, म्हणून आमच्यापैकी अनेकांना सगळ्यात अवघड स्वतःचं नाव. रात्री नाकाबंदीत गाडी अडवली, नाव विचारलं आणि माणूस नावावरच अडकला, तर बॅटरी तोंडावर येते. स्वतःचं नाव कोण विसरतं, हा खोटं सांगतोय! त्या हवालदाराला हे कुणी शिकवलं? थोडं आम्ही, थोडं सिनेमाने.

1993 साली 'डर' आला तेव्हा मी सातवीत होतो. त्यात शाहरुखचा राहुल किरणच्या नावापाशी अडकतो आणि तो माथेफिरू आहे. वर्गात माझं नाव किरण पडलं ते दहावीपर्यंत. मिमिक्रीवाले अजून त्याच 'क'वर पोट भरतात. 2010च्या 'गोलमाल 3'मध्ये आपल्या श्रेयस तळपदेचा लक्ष्मण तोंड उघडतो ते हशा यावा म्हणूनच. त्या मानाने 2009च्या 'कमीने'मधला गुड्डू बरा. तो अडखळतो, पण त्याला प्रेम आहे, भांडण आहे, स्वतःची गोष्ट आहे.

"अहो, विनोद आहे, मनावर काय घेता?" हे कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. 'आंख मिचोली' या हिंदी सिनेमात अडखळणाऱ्याला अडकलेली कॅसेट म्हटलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 8 जुलै 2024 रोजी निकाल लागला. न्यायालयाने सिनेमाला कात्री लावली नाही, पण एक फरक सांगितला. अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा आणि माणसाला कमी लेखणारा विनोद वेगळा. दृश्यमाध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही घालून दिली. आम्ही अडखळणारे एकत्र बसलो की आमच्याच फजितीवर पोट धरून हसतो. पण कुणाचाही प्रश्न त्या हसण्याखाली गाडत नाही.

टवाळीची दुसरी बाजू म्हणजे कौतुक. 'तोतरेपणावर मात करून अमुक झाला अधिकारी.' हृतिक रोशनची गोष्ट अशीच दरवर्षी छापून येते. त्यांचं यश खरंच आहे. पण मात नाही केली त्याचं काय? माझा तोतरेपणा गेलेला नाही, वेखंड उगाळून चाटवलं तरी गेला नाही आणि आता जाईल असं वाटतही नाही. वाचा-उपचारांनी फरक पडतो, जरूर घ्यावेत, पोरांना तर लवकर न्यावं. पण बोलायचा हक्क बरं झाल्यावर मिळणार असेल, तर आमसभेत फक्त निवेदकच उभे राहतील.

तर बूमवाल्या मित्रांनो, चॅनेलचं नाव घेत नाही, तुम्हाला कळलंय. ती क्लिप नुसती उडवू नका, तीन मिनिटांचं पूर्ण फुटेज टाका. आणि पुढच्या वेळी बाईट घेताना समोरचा अडकला तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. 'सावकाश, घाबरू नका' म्हणू नका, तो घाबरलेला नसतो. बूम मागे ओढू नका, नुसते थांबा. आठ-दहा सेकंद जास्त लागतील. जिथे तुम्ही पाच सेकंदांचं एकच दृश्य गोल करून वीस वेळा फिरवता, तिथे तेवढी जागा निघते.