हाताला विचारून चेंडू बदला

फेब्रुवारी २०२३ मध्ये सॉल्ट लेक सिटीत एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या डंक स्पर्धेत के. जे. मार्टिन यांनी एक वेगळाच चेंडू हाती घेतला. त्यात हवा भरलेली नव्हती. थ्रीडी प्रिंटरवर घडवलेला, जाळीसारखा भोकाभोकांचा हा चेंडू विल्सन कंपनीने नमुना म्हणून पुढे आणला होता. उद्या असा चेंडू प्रत्यक्ष सामन्यांत आणायचे ठरले, तर ते कोणाला विचारून ठरणार? या प्रश्नाचे उत्तर एनबीएने एकदा फार मोठी किंमत मोजून मिळवले आहे.

२००६ साली लीगने कातडी चेंडू बाजूला ठेवून स्पाल्डिंग कंपनीचा कृत्रिम मायक्रोफायबरचा चेंडू आणला. आठ पाकळ्यांची जुनी रचनाही गेली. एकमेकींत अडकलेल्या दोन फुलीसारख्या तुकड्यांचा नवा गोळा आला. त्यामागची कारणे खोटी नव्हती. प्रत्येक कातडे वेगळे, त्यामुळे प्रत्येक चेंडूही थोडा वेगळा. नवा कातडी चेंडू खेळून खेळून मऊ करावा लागतो. कृत्रिम चेंडू मात्र पहिल्या दिवसापासून एकसारखा. प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘पेटा’नेही त्याचे स्वागत केले, आणि तो मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

पण बास्केटबॉल खेळला जातो तो घामेजलेल्या हातांनी. कातडे घाम शोषून घेते, म्हणून खेळ रंगात येतो तेव्हाही चेंडू हाताशी राहतो. नवा चेंडू कोरडा असताना बोटांना नको तितका चिकटे आणि ओला झाला की निसटे. स्टीव्ह नॅश आणि जेसन किड या खेळाडूंच्या बोटांना त्याच्या घर्षणाने चिरा पडल्या. शकील ओनील यांनी तर त्याची तुलना खेळण्याच्या दुकानातल्या स्वस्त चेंडूशी केली. ज्यांनी लहानपणापासून लाखो वेळा चेंडू आपटला, त्यांच्या तळहाताला टप्प्यातला बारीकसा फरकही कळतो. त्यांच्या तक्रारीला सवयीचा हट्ट म्हणणे हा त्या मेहनतीचा अपमान आहे.

प्रयोगशाळेनेही हातांचीच साक्ष खरी ठरवली. डॅलस मॅव्हरिक्स संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांच्या सांगण्यावरून आर्लिंग्टन येथील टेक्सास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी दोन्ही चेंडू तपासले. नव्या चेंडूचा टप्पा ५ ते ८ टक्के कमी उंच उठत होता आणि त्याची दिशा सुमारे ३० टक्के अधिक बेभरवशाची होती. हे मोजमाप हंगाम सुरू होण्याआधीच जाहीरपणे व्हायला हवे होते.

लीगने चाचण्या घेतल्याच नव्हत्या असे नाही. निवृत्त खेळाडूंनी तो चेंडू हाताळला होता. पण ज्यांची पोटापाण्याची कमाई त्या चेंडूवर होती, त्यांच्या संघटनेला विश्वासात घेतले गेले नाही. अखेर डिसेंबर २००६ च्या सुरुवातीला खेळाडू संघटनेने अनुचित कामगार प्रथेची तक्रार दाखल केली. चेंडू हे खेळाडूचे कामाचे हत्यार आहे, ते मालकाने एकतर्फी बदलता कामा नये, ही भूमिका आम्हाला पूर्ण न्याय्य वाटते. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी ११ डिसेंबरला माघार जाहीर केली आणि १ जानेवारी २००७ पासून कातडी चेंडू परतला. दोन महिने सामने मात्र त्या दुसऱ्या चेंडूने खेळले गेले होते, आणि त्यांतले जय-पराजय कायमचे नोंदले गेले.

यावरून कातडेच श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन सामन्यांत कृत्रिम चेंडू वर्षानुवर्षे वापरला जातो. हात नव्या पृष्ठभागाला सरावतात, पण त्यासाठी त्यांना वेळ आणि निर्णयात वाटा लागतो. २०२१ मध्ये स्पाल्डिंग जाऊन विल्सन आले, तेव्हा चेंडू विकसित करून मंजूर करण्यात खेळाडू संघटनेलाही सामील करून घेण्याचे ठरले. आठ पाकळ्या आणि कातडे कायम राहिले. तरीही पॉल जॉर्ज यांच्यासारख्यांनी सुरुवातीला नाराजी बोलून दाखवली, पण बंड झाले नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुढचा चेंडू कातडी असो, कृत्रिम असो वा बिनहवेचा. त्याची कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही अवस्थांतली तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेने करावी. तो आधी एनबीएच्या विकास लीगमध्ये अख्खा हंगाम खेळवावा, अहवाल खुला करावा आणि खेळाडू संघटनेच्या मतदानानंतरच कंपनीशी करार व्हावा.