प्रवेश मिळाला, मार्ग राहिला

१९३३ साली कमला भागवत या पदवीधर तरुणीचा अर्ज, ती स्त्री आहे एवढ्याच कारणास्तव, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नामंजूर केला. आणि तिने निग्रहाने दाद मागितली तेव्हा एक वर्ष पारखून पाहण्याच्या अपमानकारक शर्तीवर तिला दाखल करून घेतले. तीच तरुणी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट संपादून परतली आणि पुढे कमला सोहोनी या नावाने, गरिबांच्या पोषणास नीरा कितपत उपकारक ठरेल, याचे मोलाचे संशोधन करती झाली.

आज अमरावतीच्या विज्ञान महाविद्यालयांत कोणा मुलीचा अर्ज अशा कारणाने फेटाळला जात नाही, हे खरे. परंतु पदवीपासून प्रयोगशाळेतील कायम नेमणुकीपर्यंतचा मार्ग विवाह, बाळंतपण आणि वयोमर्यादेचे नियम यांनी अद्याप अडविलेला आहे. ज्या वऱ्हाडात कपाशीचे निंदण आणि वेचणी पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्याच हातांनी होत आली, त्या प्रांताच्या कृषिसंशोधनात बोंड केव्हा फुटते, वेचणाऱ्या बोटांना काय सोसावे लागते, हे स्वानुभवाने जाणणाऱ्या घरांतील मुली असाव्यात, ही मागणी मी केवळ न्यायाची मानीत नाही. ती शास्त्राच्याही हिताची आहे. शेतमजुराची लेक संशोधक झाली, तर प्रश्नच निराळे विचारले जातील.

म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि शासनाने प्रक्षेत्रांवर स्त्री-संशोधकांसाठी सुरक्षित निवास व पाळणाघर यांची तजवीज करावी, आणि संततीसाठी खंडित झालेली वर्षे वयोमर्यादेतून वगळण्याचा स्पष्ट हुकूम काढावा.