चवीचे ऋण

लहानपणी आवडलेला एखादा पदार्थ मोठेपणी पुन्हा समोर आला, की खाणारा क्षणभर थांबतो आणि बहुधा एकच अभिप्राय देतो : 'पूर्वीची चव आता राहिली नाही.' हा उद्गार जेवढा महाराष्ट्रात ऐकू येतो, तेवढाच कोलकात्यातही ऐकू येतो. त्यात थोडे सत्य असते आणि थोडी मनाची समजूतही असते. वासाच्या संवेदना मेंदूतील स्मृती आणि भावना यांच्याशी निगडित भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा अधिक थेट पोहोचतात. म्हणूनच तळणाचा एक वास माणसाला चाळीस वर्षे मागे नेऊ शकतो. मात्र त्या वासाबरोबर तेव्हाची भूक, शाळा सुटल्याची घंटा आणि हात धरून नेणारे आजोबा परत येत नाहीत. पदार्थ तोच असतो, तरी काहीतरी उणे वाटते. अशा आठवणींत रमण्याला स्मरणरंजन म्हणतात. हे रमणे माणसाला केवळ हळवे करते, की त्याला काही शिकवतेही, याचा विचार व्हायला हवा.

या विचारासाठी कोलकात्यासारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल. तेथील बालपण चवींनी गजबजलेले असते. शाळेच्या फाटकाबाहेर झालमुरीवाला उभा असतो. मुरमुरे, शेंगदाणे, कांदा, हिरवी मिरची आणि मोहरीचे कच्चे तेल पत्र्याच्या डब्यात घालून तो चमच्याने खडखडवतो, कागदाच्या पुडीत भरतो आणि वर ओल्या नारळाची एक कातळी खोचून देतो. पलीकडे फुचकेवाला असतो. महाराष्ट्रातील पाणीपुरीचेच हे भावंड. पण त्यात बटाट्याचे झणझणीत सारण आणि चिंचेचे पाणी असते, आणि हातात द्रोण असतो तो पानांचा. संध्याकाळी तेलेभाजा, म्हणजे नाना प्रकारची भजी, थंडीत खजुराच्या नव्या गुळाचा संदेश, आणि नाताळात न्यू मार्केटमधील नाहूम या ज्यू कुटुंबाच्या जुन्या बेकरीतील केक. हिंदू, मुसलमान, ज्यू, चिनी अशा अनेक समाजांनी या शहराचे ताट वाढलेले आहे.

त्या ताटात मराठी घासही आहे. नोकरी-व्यवसायासाठी कोलकात्यात स्थिरावलेली मराठी कुटुंबे हाजरा मार्गावरील महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवाला एकत्र येतात. अशा घरांत वाढलेल्या मुलाला उकडीचा मोदक आपला वाटतो आणि फुचकाही आपलाच वाटतो. पौष संक्रांतीला शेजारच्या बंगाली घरी तांदळाच्या पिठीच्या पारीत नारळ आणि गूळ भरून 'पुली' केली जाते, तेव्हा ती मोदकाची दूरची बहीण आहे, हे त्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चव रक्तातून येत नाही, ती सहवासातून येते. ज्यांच्या अंगणात माणूस वाढतो, त्यांचे अन्न त्याचे होते.

बालपणीच्या पदार्थांना गोडी येते तिचे आणखी एक कारण म्हणजे प्रतीक्षा. सरस्वतीपूजेपूर्वी बोर खायचे नाही, असा बंगाली मुलांमध्ये संकेत आहे. बाजारात बोरांचे ढीग लागलेले असतात. तरी मुले वसंत पंचमीची वाट पाहतात. महाराष्ट्रातही संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाणात लहानग्यांच्या डोक्यावरून बोरे ओतली जातात आणि ती वेचायला इतर मुलांची झुंबड उडते. बोर हे काही दुर्मीळ फळ नव्हे. त्याला मोल येते ते त्या दिवसामुळे. रवींद्रनाथ ठाकुरांनी 'जीवनस्मृती' (1912) या आत्मकथनात, आपल्या बालपणी खाण्यापिण्यात चैनीचा लवलेशही नव्हता आणि म्हणूनच मिळेल त्या वस्तूचा पुरेपूर आस्वाद घेता येई, असे नमूद केले आहे. जोडासांकोच्या मोठ्या वाड्यातील मुलाचा हा अनुभव आहे.

परंतु येथेच सावध होणे आवश्यक आहे. सुस्थित घराने मुलांना लावलेली साधेपणाची शिस्त वेगळी आणि लादलेली उपासमार वेगळी. 1943 च्या दुष्काळात याच कोलकात्याच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेली माणसे दारोदार 'फेन', म्हणजे भाताची पेज, मागत फिरत होती. त्या बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून आणि त्यामागून आलेल्या रोगराईने मरण पावली. त्या पिढीतील असंख्य मुलांच्या वाट्याला आवडीचा खाऊ आलाच नाही. 'आमच्या वेळी थोडक्यात किती आनंद होता!' असे म्हणणाऱ्याने हे 'आमच्या' कोणाकोणाला सामावून घेते, हे एकदा स्वतःला विचारले पाहिजे. टंचाईचे गोडवे गाणारे स्मरणरंजन प्रामाणिक नसते.

मग आठवणीत जपण्यासारखे काय असते? त्याचे उत्तर नोलेन गूर देतो. नोलेन गूर म्हणजे थंडीतला खजुराचा नवा गूळ. हा गूळ करणाऱ्या कारागिराला बंगालीत 'शिउली' म्हणतात. प्राजक्ताच्या फुलाचेही बंगाली नाव तेच. थंडीच्या सुरुवातीला शिउली कमरेला दोर बांधून खजुराच्या झाडावर चढतो, शेंड्याजवळचे खोड हलक्या हाताने तासतो, बांबूची पन्हळ बसवतो आणि सायंकाळी मातीचे मडके टांगतो. रात्रभर थेंबथेंब रस साठतो. उन्हे चढली की तो आंबू लागतो, म्हणून पहाटेच्या काळोखातच मडकी उतरवावी लागतात. पुढे रुंद कढईत रस तासन् तास आटवावा लागतो. काही दिवस रस काढल्यावर झाडाला विश्रांती द्यावी लागते. न दिल्यास झाड खंगते. किती तासावे, केव्हा थांबावे, आच कधी मंद करावी हे ज्ञान पुस्तकात नाही, ते हातात आहे. कोलकात्यातील मूल ज्या संदेशाचा तुकडा जिभेवर विरघळू देते, त्यामागे अशी एक गारठलेली पहाट असते.

हे हात आता कमी होत आहेत. खजुराची झाडे तोडली जातात, थंडीचे दिवस उबदार होत आहेत, काम जोखमीचे आणि काही महिन्यांपुरतेच असते. नवी पिढी दुसरीकडे रोजगार शोधते, आणि बाजारात साखर व कृत्रिम सुगंध मिसळलेला गूळ खऱ्या गुळाच्या नावाने खपतो. 'पूर्वीची चव राहिली नाही' या तक्रारीतील सत्याचा अंश येथे आहे.

पदार्थाचे नाव जपण्याची धडपड मात्र पुष्कळ होते. बागबाजारचे नवीनचंद्र दास यांनी 1868 मध्ये स्पंजासारखा रसगुल्ला प्रथम बनवला, असे बंगालमध्ये मानले जाते. रसगुल्ला कोणाचा, यावर बंगाल आणि ओडिशा यांच्यात मोठा वाद झाला. 2017 मध्ये बंगालच्या आणि 2019 मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 मध्ये नोलेन गुराच्या संदेशालाही ते प्राप्त झाले. अशा मानांकनाने नावाचा गैरवापर रोखता येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु नाव नोंदवहीत सुरक्षित राहिले, म्हणून झाडावर चढणारा शिउली सुरक्षित होतो असे नाही. त्याला रास्त दाम मिळाले, तरच पुढच्या हिवाळ्यात मडके टांगले जाईल.

जे दूरच्या कारागिराविषयी खरे, ते घरातील बाईविषयीही खरे आहे. 'आईच्या हातची चव' असे कौतुकाने म्हणताना त्या हातांनी चुलीच्या धुरात किती तास काढले, हे सहसा आठवत नाही. दिवाळीच्या चकल्या आणि संक्रांतीच्या पुली यांचा आस्वाद सर्वांनी घेतला. श्रम बहुधा एकटीचे होते. आज नोकरी करणारी आई मुलाच्या हाती तयार खाऊचे पाकीट देते, म्हणून तिला दोष देणे अन्यायाचे आहे. पाकिटाने तिचा वेळ वाचवला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि, कोलकात्यापासून कोल्हापूरपर्यंत एकाच चवीने विकल्या जाणाऱ्या त्या पाकिटाला ऋतू नाही, गाव नाही आणि चेहराही नाही. त्याच्यावर वाढलेल्या मुलाला उद्या कोणाची आठवण होईल, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर आईवर अधिक कामे लादण्यात नाही. घरातील मुलगे, मुली, वडील अशा सर्वांनी मिळून वर्षातून चार पदार्थ जरी हाताने केले, तरी चव टिकेल आणि ओझेही वाटले जाईल.

झालमुरीच्या पुडीत फेरीवाल्याचे कष्ट असतात, संदेशात शिउलीची पहाट असते, मोदकात आईचे हात असतात. बालपणी हे सारे न मागता आणि न मोजता मिळाले. म्हणून ती केवळ आठवण नाही, ते ऋण आहे. नुसते उसासे टाकून ते फिटत नाही. करणाऱ्याला त्याच्या श्रमाचे मोल देणे, त्याच्याकडून थोडे शिकून घेणे आणि शेजारच्या मुलाच्या हातावरही त्यातला एक घास ठेवणे, हीच त्याची परतफेड होय. आज ज्याच्या हातावर तो घास पडेल, त्याला उद्या आठवायला काहीतरी असेल.