कॅमेऱ्यांची खरेदी आणि देखभालीचा विसर

पोलीस कोठडीतील छळाला आळा बसावा म्हणून देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला. अंधारातही टिपणारे, आवाजही नोंदवणारे हे कॅमेरे असावेत, चित्रण १८ महिने जपावे आणि हे साध्य नसेल तेथे निदान एक वर्ष तरी जपावे, असे त्यात स्पष्ट होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातील कोठडी-मृत्यूंच्या वृत्तावरून न्यायालयाला ठाण्यांतील चालू कॅमेऱ्यांच्या अभावाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. याचा दोष पोलिसांच्या अनिच्छेला दिला जातो, आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु या अनिच्छेला सोयीचा आडोसा मिळतो तो सदोष अंदाजपत्रकाचा, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

कॅमेरा ही या व्यवस्थेतील सर्वांत दृश्य, पण खर्चाच्या दृष्टीने केवळ प्रारंभीची बाब. एका कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला चार मेगाबिट या दराने अखंड साठवले, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा लागते. १८ महिन्यांत हा आकडा २३ टेराबाइटच्या घरात जातो. ठाण्यात असे १६ कॅमेरे असतील, तर सुमारे ३७० टेराबाइटची सोय करावी लागेल. शिवाय अखंड वीज, इंटरनेट जोडणीचे भाडे, दुरुस्तीचा वार्षिक करार आणि काही वर्षांनी झिजलेल्या साठवण-यंत्रांची बदली हे सारे आलेच. जे अंदाजपत्रक नगांची संख्या आणि दर यांच्या गुणाकारापाशी थांबते, ते प्रकल्पाचे नसून केवळ खरेदीचे असते.

असे का घडते, याचे उत्तर सरकारी हिशेबाच्या रचनेत आहे. यंत्रांची खरेदी भांडवली खात्यावर पडते. तिचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते, विकासखर्च म्हणून कौतुकही होते. देखभाल मात्र महसुली खात्यावर पडते. तेथे वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांचा वाटा आधीच बांधलेला असल्याने काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तिच्यावरच चालते. हमीची मुदत संपली की यंत्र कोणाचेच राहत नाही. त्यातच सर्वांत कमी दराची निविदा केवळ बसवणुकीच्या किमतीवर ठरत असेल, तर स्वस्तात घेतलेली वस्तूच पुढे महागात पडते.

हा अनुभव देशाला नवा नाही. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या अंदाजाने मंजूर झाली. तिची मुदत वारंवार वाढली आणि तारा पोचलेल्या अनेक ठिकाणीही सेवा अखंड राहिली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेट या नावाच्या त्याच योजनेच्या सुधारित रूपाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले, ते तीन वर्षांची उभारणी आणि पुढील दहा वर्षांची देखभाल एकाच करारात बांधून. या करारांचे फळ यथाकाल दिसेल. पण देखभाल हा उभारणीचाच भाग आहे, हे त्यात मान्य झाले, हे महत्त्वाचे.

वेगाने जुन्या होणाऱ्या तंत्रासाठी दहा वर्षांचा पैसा आधीच अडकवणे शहाणपणाचे नाही, असा आक्षेप घेता येईल. तो यंत्राच्या निवडीपुरता रास्त आहे. परंतु यंत्र बदलले, तरी सेवेची गरज बदलत नाही. यास्तव मंजुरीच्या वेळीच आयुष्यभराचा खर्च मांडावा, देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवावे, आणि ठेकेदाराचे देयक बसवलेल्या नगांवर नव्हे, तर चालू राहिलेल्या दिवसांवर ठरवावे. विधिमंडळानेही कॅमेरे किती बसवले यापेक्षा आज किती चालू आहेत हे विचारावे.

कोठडीच्या भिंतीआड जे घडते, त्याचा त्रयस्थ साक्षीदार बहुधा हा कॅमेराच असतो. देखभालीचे थोडे पैसे वाचवून तोच मुका केला जात असेल, तर त्या बचतीची किंमत सरकारी तिजोरी देत नाही. ती कोठडीतला माणूस देतो.