उतार आधी मातीला द्या

काळ्या मातीच्या अंगणात कृत्रिम हिरवळ कशी बसवावी, याबद्दल एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी नुकताच सल्ला दिला आहे. थोडक्यात तो असा: टर्फच्या पाठीला छिद्रे असतात, म्हणून पाण्याची चिंता नको. काळी माती मुळातच घट्ट, म्हणजे पाया तयारच आहे. वर दोन बोटे वाळू पसरा, टर्फ अंथरा, कडेला खिळे ठोका. खडी, पाइप, चर हे कंत्राटदारांनी बिल फुगवायला काढलेले उद्योग आहेत.

सोलापूर, लातूर, परभणी, अकोला या पट्ट्यात घर बांधलेल्या माणसाने हा सल्ला मानला, तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पैसे चिखलात जातील. म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

छिद्रांचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. छिद्रे असतात आणि त्यांतून पाणी झपाट्याने जाते, हे खरे. पण जाते कुठे? चाळणीखाली परात ठेवली, तर चाळणीच्या भोकांचा उपयोग किती? काळी माती ओली झाली की तीच परात होते. भिजलेल्या चिकणमातीत पाणी तासाला साधारण एक ते पाच मिलिमीटर मुरते. आता हिशेब करा. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अंगणात तासाभरात चाळीस मिलिमीटर पाऊस झाला, तर चार हजार लिटर पाणी पडले. मातीने फार तर पाचशे लिटर पोटात घेतले. उरलेले साडेतीन हजार लिटर या गृहस्थांच्या दोन बोटे वाळूत कसे मावणार? ते टर्फखाली साचते, वाळू इकडची तिकडे नेते, चिखल वर उचलते. चार दिवसांनी वास सुटतो, आणि घरात कुत्रे असेल तर तो वास अंगणात थांबत नाही.

‘घट्ट पाया’ ही तर निव्वळ दिशाभूल आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, त्या यामुळेच. मे महिन्यात दगडासारखी लागणारी ही माती जुलैत फुगून वर येते, तीही सगळीकडे सारखी नाही. जिथे पाणी साचले तिथे जास्त, जिथे कोरडे राहिले तिथे कमी. मग टर्फला लाटा येतात, सांधे उसवतात. आपल्याकडे काळ्या मातीतून कालवा काढताना अस्तराखाली न फुगणाऱ्या मुरमाचा थर देण्याची पद्धत आहे. कालव्याला जे कळते, ते अंगणाला लागू नाही असे म्हणायला आधार काय?

वाळूबद्दल एकच वाक्य पुरे: चिकणमातीवर पसरलेली वाळू निचरा करत नाही, ती चिखलात रुतते. शोषखड्ड्याबद्दलही तेच: खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत पोचला नाही, तर तो पावसाळाभर भरलेलाच राहील. आणि खर्चाबद्दल: पाया एकदा नीट करण्यापेक्षा टर्फ उचलून तो पुन्हा करणे नेहमीच महाग पडते.

पृष्ठभागाकडे पाहून निकाल देण्याची ही सवय आपल्याला जुनी आहे. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. तेव्हापासून आपल्या हॉकीचा घात टर्फने केला, हे वाक्य आपण घोकत आहोत. 1980 मध्ये मॉस्कोला तशाच मैदानावर सुवर्णपदक मिळाले, ते मात्र या वादात कोणी काढत नाही. मैदाने किती होती, कशी बांधली, मुलांना ती केव्हा मिळाली, हे खरे प्रश्न मागेच राहिले. अंगणाच्या बाबतीतही चर्चा धाग्याच्या उंचीची आणि हिरव्या छटेची चालते, खालच्या जमिनीची नाही.

मग करावे काय? पावसाळ्यानंतर वाफसा आला की काम काढा, भेगाळलेल्या मे महिन्यात नाही. वीस-पंचवीस सेंटिमीटर माती काढा आणि उघड्या पडलेल्या मातीलाच घरापासून दूर, शंभराला किमान एक असा उतार द्या. पाणी शेवटी त्या मातीवरूनच वाहणार आहे. वरचे टर्फ कितीही तिरके केले तरी खालचा खळगा भरणारच. ती माती दाबून घ्या, वर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, म्हणजे चिखल खडीत शिरणार नाही. उताराच्या तळाशी चरात छिद्रांचा पाइप टाका आणि तो गटारापर्यंत किंवा मुरमापर्यंत खणलेल्या खड्ड्यापर्यंत न्या. मग पंधरा सेंटिमीटर स्वच्छ खडी, तिच्यावर पातळ थर कचाचा, त्यावर टर्फ. खडीत साधारण एक तृतीयांश पोकळी असते, म्हणजे पन्नास मिलिमीटर पाऊस ती स्वतःत धरते आणि पाइपातून सावकाश सोडते. वरचा चाळीस मिलिमीटरचा पाऊस इथे अडचण राहत नाही.

कंत्राटदाराला पहिला हप्ता देण्याआधी दोन प्रश्न विचारा: खालच्या मातीला उतार किती देणार, आणि पाइप कुठे सोडणार? उत्तरात फक्त टर्फच्या छिद्रांची महती आली, तर त्याला काम देऊ नका.