झाडू अधिष्ठात्यांच्या हाती, जबाबदारी कोणाच्या माथी?

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विष्णुपुरी येथील रुग्णालयात २४ रुग्ण मरण पावले. त्यांतील १२ नवजात अर्भके होती. पुढच्या दिवसभरात आणखी सात जण दगावले. सारा महाराष्ट्र हादरलेला असताना, गांधीजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील रुग्णालयात दाखल झाले. शौचालय घाण असल्याचे पाहून त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि कॅमेऱ्यांच्या साक्षीने ते त्यांच्याकडून साफ करवून घेतले. अधिष्ठाते आदिवासी समाजातले. पुढे खासदारांवर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली आणि सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल गुन्हाही नोंदला गेला.

शौचालय घाण होते, हे खोटे नाही. रुग्णांच्या नातलगांचा संताप खोटा नव्हता. प्रश्न एवढाच, की त्या झाडूने नेमके काय साफ झाले? एका अर्भकाला अधिक परिचारिका मिळाली काय? एक रिकामे पद भरले गेले काय? ज्या शासनाने पदे रिकामी ठेवली, त्याच्याच सत्तारूढ आघाडीचा लोकप्रतिनिधी त्या रिकाम्या पदांचा जाब खुर्चीत उरलेल्या माणसाला विचारतो, आणि लोकांनी त्याला ‘कारवाई’ म्हणावे अशी अपेक्षा ठेवतो!

या प्रकारात आणखी एक अपमान दडलेला होता, तो कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. सफाई ही शिक्षा म्हणून दिली जाते, तेव्हा रोज सफाई करणारा कामगार जन्मभर शिक्षाच भोगतो आहे, असे कबूल केल्यासारखे होते. गाडगेबाबांनी झाडू हाती घेतला तो स्वतःच्या. दुसऱ्याची अप्रतिष्ठा करण्यासाठी त्यांनी तो कोणाच्या हाती दिला नाही. ज्या देशात झाडू हजारो वर्षे जातीने माथी मारला, तेथे तो कोणी कोणाच्या हाती द्यावा याचे भान लोकप्रतिनिधीला असावयास हवे.

आता त्या चोवीस तासांमागची खरी स्थिती पाहावी. त्या वेळच्या वृत्तांनुसार २४ खाटांच्या नवजात अतिदक्षता कक्षात ६५ बालके होती. कर्मचाऱ्यांच्या बदल्यांमुळे अडचण आल्याचे अधिष्ठात्यांनी सांगितले होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मंजूर व भरलेल्या पदांचा हिशेब पुढे आला, तेव्हा वरिष्ठ डॉक्टरांच्या जवळपास निम्म्या जागा रिकाम्या असल्याचे दिसले. राज्याला या जबाबदारीतून हात झटकता येणार नाहीत, ही समज न्यायालयाला द्यावी लागली. नांदेड, हिंगोली, परभणी, यवतमाळचा काही भाग आणि सीमेपलीकडचा तेलंगण एवढ्या मुलखातला गरीब माणूस ज्या दारी येतो, त्या दाराआडची ही अवस्था होती.

अतिदक्षता कक्षातल्या परिचारिकेची रात्र डोळ्यांपुढे आणावी. एका बाळाची नळी तपासेपर्यंत दुसऱ्याचा श्वास अडतो. त्याच्याकडे धावावे तर तिसऱ्याची औषधाची वेळ टळते. ती निष्ठुर होत नाही, ती थकते. आणि थकलेल्या हाताकडून चूक होते. हा भावनेचा विषय नसून हिशेबाचा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून लिंडा एकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले, की एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जादा आला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि त्याच एका जादा रुग्णामागे परिचारिका पार खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे सेविकेचे खचणे आणि रुग्णाचे मरणे या दोन वेगळ्या बातम्या नाहीत. ती एकाच दुर्लक्षाची दोन टोके आहेत. कर्मचाऱ्याला जबाबदारीने वागविणे ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. तो रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे.

यावर सत्ताधाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते: मराठवाड्यात डॉक्टर यावयास तयार नाहीत. हे उत्तर नांदेड-लातूरच्या माणसाला तरी ऐकवू नये. ‘लातूर पॅटर्न’चा डंका देशभर वाजतो. लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांत दरवर्षी हजारो मुले डॉक्टर होण्यासाठी रात्री जागवितात. त्यासाठी आईबाप जमिनीचे तुकडे विकतात. नांदेडला १९८८ पासून आणि लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या मातीत डॉक्टर पिकतात, त्याच मातीतल्या रुग्णालयात डॉक्टर टिकत नाहीत, याचे कारण मातीत शोधावे की नेमणुकीच्या कागदात? राज्याच्या शासकीय महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांना १२० दिवसांच्या तात्पुरत्या नेमणुकांवर वर्षानुवर्षे राबविले गेले. ज्याला चार महिन्यांनंतरची भाकरी दिसत नाही, त्याने बिऱ्हाड कशाच्या भरवशावर मांडावे? निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांहून अधिक काम साधारणतः देऊ नये, हे केंद्राच्या योजनेने १९९२ सालीच सांगितले. छत्तीस तासांच्या पाळ्या मात्र चालतच राहिल्या. चतुर्थ श्रेणीची पदे निवृत्तीबरोबर गोठवायची, सफाई ठेकेदाराला द्यायची, आणि शौचालय तुंबले की अधिष्ठात्यांना जबाबदार धरायचे, ही रीत तर राज्यभरची. बारमाही कामात कंत्राट पद्धती बंद करता येईल आणि ठेकेदाराने मजुरी बुडविली तर मूळ मालक ती देईल, हे कंत्राटी कामगार कायद्याने १९७० सालीच मान्य केले होते. तरीही शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. नांदेडचे मृत्यू त्यानंतर महिनाभराच्या आतले. लोकक्षोभापुढे तो निर्णय ऑक्टोबरअखेर मागे घ्यावा लागला; वृत्ती मात्र मागे घेतली गेली काय?

मराठवाड्याला ‘अनुशेष’ हा शब्द नवा नाही. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, दवाखाने यांचा अनुशेष मोजला. विकास मंडळे आली, आणि २०२० मध्ये मुदत संपून गेलीही. या साऱ्या हिशेबात भिंती मोजल्या गेल्या, खाटा मोजल्या गेल्या. खाटेपाशी उभे राहणारे माणूस आहे काय, ते किती तास उभे आहे, त्याचा पगार वेळेवर होतो काय, त्याला निवासस्थान आहे काय, हे मोजण्याची गरज कोणास वाटली नाही. माणसांचा हा अनुशेष कोनशिलेवर कोरता येत नाही, म्हणून तो भरलाही जात नाही.

कामचुकारांना पाठीशी घालावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. ड्यूटीच्या वेळेत खाजगी दवाखाना चालविणारा डॉक्टर आणि लाच घेतल्यावाचून स्ट्रेचर न ढकलणारा नोकर हे गरिबाचे शत्रूच होत, आणि कर्मचारी संघटनांनीही हे निखालसपणे बोलावयास हवे. पण दोषाची चौकशी नियमाने होते, झाडूने नव्हे. ज्याच्याकडून हिशेब घ्यावयाचा, त्याला आधी माणसे आणि साधने दिली पाहिजेत.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या जनतेने यापुढे कोणाही पुढाऱ्याच्या अचानक भेटीला भुलू नये. रुग्णालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती आणि पगार कधीपासून थकले आहेत, याचा फलक दर महिन्याला दर्शनी दारावर लागला पाहिजे. भेटीला येणाऱ्या प्रत्येक आमदार-खासदाराला प्रथम त्या फलकापुढे उभे करावे, आणि रिकाम्या आकड्यांचे उत्तर मागावे. उत्तर नसेल, तर झाडू मागण्याचा अधिकारही त्यांना नाही.