हात दाखवून अवलक्षण

'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण ज्या कुणी काढली, तो बहुधा भवानीनगरला स्कूटर चालवीत असावा. मी हात दाखवला आणि अवलक्षण झालं. तेही ऐन गळिताच्या हंगामात, संध्याकाळी सहा वाजता, पिशवीत मेथीची जुडी आणि लिटरभर दूध असताना.

बँकेतून घरी येताना मला एकदाच उजवीकडे वळावं लागतं. हंगामात छत्रपती साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग लागते. मी आरशात पाहिलं. (माझ्या स्कूटरचा आरसा मागचा रस्ता दाखवीत नाही, माझा उजवा गाल दाखवतो, तरीही शिस्त म्हणून मी त्यात पाहतो.) दिवा लुकलुकवला. त्याच्यावर माझा विश्वास नसल्यामुळे हातही दाखवला. मग वळलो. त्याच क्षणी मागचे उसाचे दोन ट्रॅक्टर एका दमात ओलांडीत एक मोटरसायकल माझ्या उजव्या अंगाला आली आणि आम्ही दोघे, मेथीसकट, चारीत गेलो.

मी उठून कपडे झटकले. तो तरुण मात्र पडूनच राहिला, आणि माझा खटला तिथंच निकालात निघाला.

आपल्याकडे अपघात झाला की दोन मिनिटांत न्यायालय भरतं. पानटपरीवाले न्यायमूर्ती, चहावाले न्यायमूर्ती, आणि एस.टी.ची वाट पाहणारे तीन हंगामी न्यायमूर्ती. या न्यायालयाचा कायदा कुठं छापलेला नाही, पण सर्वांना पाठ आहे. कलम पहिलं : ज्याची गाडी मोठी त्याची चूक. कलम दुसरं : गाड्या सारख्या असतील तर ज्याच्या पायात बूट, त्याची चूक. कलम तिसरं : जो उभा तो आरोपी, जो आडवा तो फिर्यादी. माझ्या पायात बूट होते आणि मी उभा होतो.

"काय वो सायेब, हात दावला व्हता का न्हाय?" मुख्य न्यायमूर्तींनी तोंडातला विडा एका गालात सारीत विचारलं.

"दाखवला होता ना! दिवासुद्धा लावला होता."

"मंग? हात दावला म्हंजी तुमाला ठावं व्हतं, आपन वळनार हाये. ठावं आसून वळला!"

या युक्तिवादावर कोणत्या बॅरिस्टरपाशी उत्तर आहे? मी दीड हजार रुपये मोजून दिले. फिर्यादी तात्काळ बरा झाला आणि गाडीला किक मारून बारामतीच्या दिशेनं निघूनही गेला. माझ्या पायाच्या अंगठ्याचं हाड मोडलंय हे मला रात्री कळलं. सौ.ला सगळी हकिगत सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, पण वळलातच कशाला?" म्हणजे वरच्या न्यायालयातही अपील फेटाळलं गेलं.

प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून माणूस दुसरं काय करणार? मी कायदा वाचायला घेतला. बी.कॉम.ला व्यापारी कायद्यात जेमतेम पास झालेला मी, मोटार वाहन कायदा वाचू लागलो. आणि जसजसा वाचीत गेलो तसतशी अंगठ्यापेक्षा दुसरीच एक जागा दुखू लागली. ती कोणती ते पुढं सांगतो.

अमेरिकेतल्या भाच्याला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, इथं डावं वळण असंच बदनाम आहे." तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे समोरच्या वाहतुकीला छेद देणारं वळण म्हणजे डावं. डावीकडे वळणारा समोरून येणाऱ्याशी भिडला, की वळणाऱ्यानं आपली बाजू आधी सांगावी, असा तिथला सर्वसाधारण कल. यूपीएस नावाची त्यांची पार्सलकंपनी तर आपल्या गाड्यांना शक्य तितकं डावीकडे वळूच देत नाही. वेळही वाचतो म्हणे आणि तेलही. उत्तम. पण मी उजवीकडे न वळता घरी जायचं ठरवलं, तर मला बँकेतून निघून इंदापूरमार्गे पंढरपूर करावं लागेल. पुण्य लाभेल, पण मेथी सुकेल. आमच्या भागात डाव्याला मान एकाच गोष्टीत आहे, तो म्हणजे नीरा डावा कालवा. त्याच्याच पाण्यावर ऊस वाढतो, आणि तोच ऊस ट्रॅक्टरवर चढून आम्हाला आडवा येतो.

आपला नियम तसा साधा आहे. उजवीकडे वळणाऱ्यानं आधी खूण करावी, रस्त्याच्या मध्याशी यावं, समोरच्याला जाऊ द्यावं आणि मग वळावं. मागच्यानं, पुढचा उजवीकडे वळतोय असं दिसल्यावर, त्याच्या उजवीकडून घुसू नये. म्हणजे वळणाऱ्यावर जबाबदारी आहे, पण सगळी त्याच्यावर नाही. दोघांचीही चूक असेल तर न्यायाधिकरण तिची वाटणी करतं, आणि ज्याच्या वाट्याला जेवढी चूक तेवढीच त्याची भरपाई कापतं. शून्य किंवा शंभर हा हिशेब पानटपरीचा आहे, कायद्याचा नव्हे.

इथवर गंमत होती. आता दुखऱ्या जागेकडे येतो.

दोन हंगामांपूर्वी आमच्या पंचक्रोशीतला एक दूधवाला पहाटेच्या अंधारात गेला. वय चौतीस. समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर उजवीकडे, एका वस्तीच्या रस्त्याला वळला. ट्रॅक्टर वळतो तेव्हा तो एकटा वळत नाही. त्याच्यामागं एक ट्रॉली वळते आणि तिच्यामागं दुसरी. इंजिन पलीकडच्या रस्त्याला लागलेलं असतं, चालकाच्या मनानं वळण संपलेलं असतं आणि दुसरी ट्रॉली अजून रस्त्यात आडवी असते. तिला ना दिवा, ना चमकणारी पट्टी. दूधवाला तिच्यावर जाऊन आदळला.

आमचं रस्त्यावरचं न्यायालय भरलं. निकाल लागला : "गडी जोरात व्हता." मग वडीलधारी मंडळी बसली आणि स्टँपपेपरवर पंचाहत्तर हजारांना प्रकरण मिटलं. पंचवीस-पंचवीस हजारांचे तीन धनादेश. ते घेऊन त्याची बायको आणि तिचा भाऊ माझ्याच काउंटरवर आले होते. भावानं मला विचारलं, "साहेब, कोर्टात जावं का?" आणि मी, चष्मा वर सारून, मोठ्या जाणतेपणानं म्हणालो, "कोर्टात आयुष्य जाईल रे बाबा. मिळतंय ते घ्या."

तिसरा धनादेश परत गेला. 'अपुरी शिल्लक' हा शिक्का मारणारा हात माझाच होता. इथंही हात दाखवला तो मीच, आणि अवलक्षण झालं तिचं.

प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या मी तो हिशेब मांडला. दुसरं काही येत नसलं तरी बेरीज-गुणाकार मला येतो. समजा, दूधधंद्यात त्याला महिना बारा हजार सुटत होते. वर्षाचे झाले एक लाख चव्वेचाळीस हजार. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली घालून दिलेल्या नियमानं, चाळिशीच्या आतला स्वतःचा धंदा करणारा माणूस असेल तर भविष्यातल्या वाढीपोटी त्यात चाळीस टक्के मिळवायचे. झाले दोन लाख एक हजार सहाशे. मागं बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई असे चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा. उरले एक लाख एक्कावन्न हजार दोनशे. आता २००९ सालच्या निकालातला कोष्टकाचा आकडा. एकतीस ते पस्तीस वयाला सोळा. गुणाकार : चोवीस लाख एकोणीस हजार दोनशे.

बरं, गडी जोरात होता असं धरू. अर्धी चूक त्याची! तरीही बारा लाख नऊ हजार सहाशे उरतात. आम्ही शहाण्या माणसांनी तिला पंचाहत्तर हजारांवर बोळवलं, आणि त्यातलेही पन्नासच वटले.

यावर लोक तीन गोष्टी म्हणतात. मीही म्हणत होतो.

पहिली : "पण चूक सिद्ध कशी करणार? साक्षीदार कुठाय?" १९६० च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एक मोटार रस्ता ओलांडून उजवीकडच्या झाडावर आदळली. आतल्या माणसाचा जीव गेला. अपघात कसा झाला ते सांगणारं कुणी पुढं आलं नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की घटनाच बोलते आहे, आता गाडीवाल्यानं खुलासा करावा. अंधारात रस्त्यावर आडवी असलेली बिनदिव्याची ट्रॉली त्या झाडापेक्षा कमी बोलते की काय? शिवाय इथं फौजदारी खटल्यासारखी शंकेपलीकडची सिद्धता लागत नाही. कुणाचं म्हणणं अधिक संभवनीय एवढंच पाहतात. आणि चूक सिद्ध करायचीच नसेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १६४ आलं : मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, कुणाची चूक हा प्रश्न न विचारता. त्याहून जास्त हवं असेल तर चूक सांगायची. मात्र वाट दोन्हीतली एकच धरायची.

दुसरी : "आपलाच गाववाला, त्या गरिबानं एवढे पैसे आणायचे कुठून?" अहो, त्यानं आणायचेच नाहीत! तिसऱ्या माणसासाठी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. हप्ता भरायचा, आणि वेळ आली की गाववाल्यानं गाववाल्याच्या विधवेला बुडवून विमा कंपनीचे पैसे वाचवायचे, हा कुठला शेजारधर्म? आणि ज्यानं विमाच उतरवला नाही त्याची एवढी दया येत असेल, तर वडीलधाऱ्यांनी हंगामाच्या आधी ट्रॅक्टर अडवून त्याची कागदपत्रं पाहावीत.

तिसरी : "कोर्टात वर्षं जातात." जातात, मी नाकारीत नाही. पण स्टँपपेपरवर तिची किती वर्षं गेली ते कुणी मोजलं? तडजोडच करायची तर लोकअदालतीत करा. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते, आणि त्याचा धनादेश माझ्या काउंटरवरून परत जात नाही. फक्त बसून राहू नका. एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत करावा असं कायद्यात लिहिलं गेलं. त्या मुदतीविरुद्ध लोक न्यायालयात गेले आहेत. पण आपण कशाला जोखीम घ्या?

तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे. (हात दाखवणं मी आता सोडलं आहे.) पुढच्या अपघाताच्या वेळी न्यायमूर्ती मंडळींनी जखमीला उचलावं, दवाखान्यात न्यावं, गाड्यांचे नंबर टिपावेत, फोटो काढावेत आणि विड्यासह घरी जावं. निकाल देऊ नये. आणि 'मिटवून टाका' हे दोन शब्द तर उच्चारूच नयेत. मिटतं ते कुणाचं तरी घर.

दरवर्षी तुकोबांची पालखी आमच्या याच रस्त्यानं जाते. अलीकडं काटेवाडीला तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या गोल वळतात. एकही दुसरीला धडकत नाही, एकही उजवीकडून घुसत नाही. आम्ही ते पाहून हात जोडतो, भारावून जातो आणि गाडीला किक मारून घुसत घुसत घरी येतो.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी लंगडत त्या दूधवाल्याच्या घरी गेलो, सगळे कागद मागून घेतले आणि बारामतीतल्या एका ओळखीच्या वकिलाकडे नेऊन दिले. उशीर झालाय, काय होईल ते तो पाहतोय. घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली आणि म्हणाली, "अहो, हे आधीच का नाही वळलात?"